अट्रॅक्टाच्या दारात उपाशी

२५ ऑगस्ट, मंगळवार
अट्रॅक्टाने कादंबरी परत केली. तिसऱ्यांदा. सातव्या शतकातल्या आयर्लंडवर पुस्तकं छापणारी सबंध गॉलवे शहरात ही एकच बाई, आणि तिला म्हणे माझी माणसं जिवंत वाटत नाहीत. ‘कुणाला साधी भूकसुद्धा लागत नाही.’ आठ वर्षं अभ्यास केलाय मी. कोणत्या राजाकडे किती गाई, कोणत्या गुन्ह्याला काय दंड, सगळं पाठ. सोमवारी बिनपगारी रजा संपते. तोवर होकार आला नाही तर पुन्हा शाळा, पुन्हा पोरांना नद्या शिकवणं. मला ते सोसणार नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार
मार्ग सापडला. आपला जुना आयरिश कायदाच. बडा माणूस न्याय देत नसेल, तर त्याच्या दारात उपाशी बसायचं. आपण उपाशी असताना तो जेवला, तर देणं दुप्पट. बायकोला सगळा बेत सांगितला. ऊना एवढंच म्हणाली, “बस बाबा. पण औषध चुकवू नकोस.”

२७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी ९. बाड मांडीवर घेऊन तिच्या ऑफिसच्या दारात बसलो. पायरी ओली. मन प्रसन्न.
११. अट्रॅक्टा आली. “फिन्टन, आता हे काय काढलंस?” कायदा समजावला. मान हलवून आत गेली.
१. खिडकीतून पाहिलं. ब्रेडमध्ये सॉसेज घालून खात होती. चला, दुप्पट. आता दोन कादंबऱ्या छापाव्या लागणार. दुसरी लिहायची आहे, पण ते किरकोळ.
३. पोटात कावळे. समोरच्या दुकानातून चिप्सचा वास. याबद्दल एकाही ग्रंथात काही नाही.
५. तिने ऑफिसला कुलूप लावलं. घरी आलो. बिस्किटं खाल्ली, पण औषधाबरोबर. ती धरत नाहीत.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
१०. अट्रॅक्टा खुर्ची घेऊन माझ्याशेजारीच बसली. म्हणे जुन्या कथांत उलट उपोषणही आहे. जो आधी खाईल तो हरला. तिची मागणी: “हे बाड घेऊन जा, पुन्हा आणू नकोस.” बसू दे. तासाभरात उठेल.
१२. स्वेटर विणतेय.
२. एक बाही झाली.
२.२०. मी उठलो. चिप्स. दोन पुड्या. खाताना रडू आलं, फार लाज वाटली. अट्रॅक्टा मागून आली, स्वतःसाठी एक पुडी घेतली आणि म्हणाली, “आठ वर्षांत तुझं पहिल्यांदाच काहीतरी खरं वाटलं बघ.”

२९ ऑगस्ट, शनिवार
बाड घरी आणलं. हरकत नाही. पहिलं प्रकरण नव्याने लिहितो, भुकेवर. सोमवारच्या आत हातावेगळं करतो. अट्रॅक्टा स्वतः मागायला येईल.
कागद शोधायला कपाट उघडलं. शाळेचे पाच शर्ट इस्त्री करून टांगलेले. ऊनाला विचारलं, हे कधी केलंस?
“बुधवारी,” ती म्हणाली. “तू बेत सांगत होतास ना, तेव्हाच.”