मधली सोळा पानं

बाई, तुम्ही दिलेलं ते कॅनडाचं पुस्तक मी वाचलंच नव्हतं. वाचलं असं तुम्हाला कळवलं मात्र होतं, तेही चांगलं तीन पानी पत्र लिहून. बर्फातलं एकटेपण, माणसामाणसांतलं अंतर, असं बरंच काही त्यात होतं आणि ते सगळं मागच्या कव्हरवरून उचललेलं होतं. इंग्रजीचं मराठी केलं तेवढंच माझं.

आठवीतही मी हेच केलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हाला थांबवून घ्यायचात आणि वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला लावायचात. ‘छान आहे’ म्हणायला बंदी होती. ते भाजीला म्हणायचं. एकदा मी उभी राहते, कव्हरवरचा मजकूर घडाघडा म्हणते. तुम्ही खिडकीशी उभ्या राहून बडीशेप तोंडात टाकता आणि म्हणता, “मागचं कव्हर मीही वाचलंय. आतलं सांग.” वर्ग हसला. मला तुमचा भयंकर राग आला आणि तो मी बरीच वर्षं जपला. तरी नोकरीसाठी अमेरिकेला निघाले तेव्हा पाया पडायला तुमच्याकडेच आले. तुम्ही पोहे परतत होतात. हात पुसून फडताळातून ते पुस्तक काढलंत, रद्दीच्या दुकानात मिळालेलं. “कॅनडा तिथून शेजारीच. नीट वाच हं, आणि वाचून कळव.” मी बरं म्हटलं. डोक्यात व्हिसा आणि बॅगेचं वजन होतं.

माझ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर आलं. “बर्फाचं वर्णन पोचलं. घाई नाही, सावकाश वाच.” वाचलंय म्हणून सांगितलं तरी ह्यांचं आपलं तेच, म्हणून मी चिडले. पुढे दर दिवाळीच्या पत्रात शेवटी तुम्ही विचारायचात, “पोस्टमास्तरीण काय म्हणते?” मला वाटायचं, माझी पत्रं उशिरा पोचतात म्हणून हा टोमणा. “मजेत आहे,” असं मी लिहायचे. मग एके दिवशी तुम्ही गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि मीटिंगला गेले.

इथे शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि पुस्तकांवर बोलतो. या हिवाळ्यात कॅनडाची पुस्तकं ठरली, कारण एकीची बहीण टोरांटोला असते. आमची कारणं अशीच असतात. मी बेसमेंटमधून तुमचं पुस्तक काढलं. शनिवारी जमायचं होतं, तोपर्यंत साठ पानं झाली. छोट्या गावातली एक पोस्टमास्तरीण, तिचा अबोल नवरा आणि बर्फ. तुमचा टोमणा तिथे मला पहिल्यांदा कळला. तो टोमणा नव्हताच.

“मला तर माझं पुस्तक जाम स्लो वाटलं यार,” एक जण म्हणाला. “बर्फच पाहिजे तर माझा ड्राइव्हवे शॉव्हेल करायला या की!” सगळे हसले, चिवड्याची बशी फिरली. माझी पाळी आली आणि मी एकटेपणावर, अंतरावर बोलले. “काय डीप वाचतेस गं तू!” यजमानीण म्हणाली. “मग शेवटी काय होतं तिचं?” “ते सांगितलं तर सस्पेन्स जाईल,” मी म्हटलं. तिची कॉलेजातली मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. “मावशी, डिड यू फिनिश इट?” “ऑलमोस्ट,” मी म्हटलं. खिडकीशी कुणी नव्हतं, तरी मी एकदा तिकडे पाहिलं.

सोमवारी शिकागोच्या गाडीत मी पुस्तक उघडलं ते निव्वळ शरमेनं. पान एकशे बारावर पोस्टमास्तरीण दार उघडं टाकून बर्फात चालू लागते. पुढचं पान थेट एकशे एकोणतीस. मधली सोळा पानं बांधतानाच सुटली आहेत आणि त्या जागी तुमची चिठ्ठी. “इथली पानं नाहीत. पुढे ती घरात पाव भाजते आहे, हाताला पट्टी आहे, कुणी काही बोलत नाही. ही कुठे जाऊन आली? तिकडच्या लायब्ररीत पूर्ण प्रत मिळेल. बघून कळव, मला चैन पडत नाही.” म्हणजे माझ्या पत्रात या पानांचं नाव नाही एवढ्यावरून तुम्हाला तेव्हाच सगळं कळलं होतं. या वेळी वर्गासमोर पकडलं नाहीत, एवढंच. नुसत्या विचारत राहिलात, आणि उत्तर न मिळताच गेलात. तुमची फार आठवण येते असं लिहिणं खोटं होईल. शरम वाटते, ती खरी आहे.

काल लायब्ररीतून पूर्ण प्रत आली. पोस्टमास्तरीण रेल्वे स्टेशनवर गेली होती, बाई. तिकीट काढलेलं होतं. वेटिंग रूममध्ये शेगडीशेजारी ती दिवसभर बसते. गाडी येते, स्टेशनमास्तर “येताय ना?” म्हणून विचारतो, ती उठते आणि तिचा हात तापलेल्या शेगडीवर टेकतो. त्या गडबडीत गाडी निघून जाते. तो पट्टी बांधून देतो, ती चालत घरी येते. हात चुकून टेकला की मुद्दाम टेकवला, हे तुम्ही विचारलं असतंत. मी दोनदा वाचलं, मला कळलेलं नाही.

हे पाठवायला आता पत्ता नाही. तुमच्या चिठ्ठीला लागून, एकशे बारा आणि एकशे एकोणतीसच्या मध्ये ठेवून देते. आणि हो, एकशे एकोणतीसच्या पुढचं मी अजून वाचलेलं नाही.