घडाच्या कागदावरच्या अर्ध्या गोष्टी

आत्या, त्या दिवशी सकाळी तुम्ही गोठा झाडत होता आणि मी चुलीपुढं भाकरी थापत होते. थंडी चांगलीच होती. शेण काढून झालं, धार काढून झाली, तुम्ही चरवी आत आणून ठेवली आणि रोजच्यासारखं दारातूनच विचारलंत, "झाल्या का गं? बायका येत्याल एवढ्यात." हे पहाटेच उसाला पाणी द्यायला गेले होते. त्यांच्या वाटणीच्या भाकरी मी टोपलीत झाकून ठेवल्या, आपल्या फडक्यात बांधल्या, वर लसणाची चटणी आणि कांदा. तुम्ही पाण्याची कळशी उंबऱ्याबाहेर ठेवलीत, दाराला कडी लावलीत आणि निघालात. मी मागून. कन्हेरीहून लग्न होऊन तिकडं बावड्याकडं आले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि सासूच्या मागून चालताना किती अंतर ठेवायचं हेही मला नीट कळत नव्हतं.

आपली टोळी त्या दिवसांत द्राक्षाच्या बागेत होती. तुम्ही टोळीच्या मुकादमीण. इथं पुण्यात माझ्या वर्गातल्या मुलींना मी त्या कामाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना. घडाला ऊन लागू नये, मण्याचा रंग बिघडू नये, म्हणून प्रत्येक घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा आणि पिन मारायची. एका बागेत घड किती आणि त्याला कागद किती! बागायतदार टेम्पो भरून रद्दी आणायचा. त्यात वर्तमानपत्रं असायची, मासिकं असायची, कुणाच्या शाळेची पुस्तकं असायची. पुण्या-मुंबईच्या माणसांनी वाचून टाकलेलं सगळं आपल्या बांधावर येऊन पडायचं. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आख्खी बाग वाचता यायची?" मी म्हटलं, व्हय, पण एका घडावर अर्धंच पान.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले होते. अक्षरं ओळखायची, पण वाचायची सवय गेली होती. कागद गुंडाळता गुंडाळता डोळा त्यावर जायचा आणि हात थांबायचा. त्या दिवशी माझी ओळ सगळ्यांच्या मागं पडली. शेजारच्या ओळीतली बाई, जिच्या जिभेला सगळी टोळी भ्यायची, मोठ्यानं म्हणाली, "मुकादमीण, तुमची सून घडाला कागद लावतीया का कागदाला घड?" बायका हसल्या. तुम्ही ओळीच्या टोकाकडून चालत आलात. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"काय करतीस?"

"वाचती."

"काय लिवलंय?"

मी एकेक अक्षर लावत वाचून दाखवलं. कुठल्याशा स्टेशनावर एक बाई ट्रंक घेऊन उतरली आहे. तिला न्यायला यायचा होता तो माणूस आलेला नाही. दिवे लागलेत, आणि फलाटावर ती एकटीच आहे.

"मग?"

"फुडं फाटलंय."

"फाटलंय म्हंजी? बाईमाणसाला आंधारात तसंच सोडून द्याचं व्हय?" तुम्ही बाकीच्या बायकांकडं वळलात. "सांगा गं, फुडं काय झालं आसंल?"

आणि हात चालू ठेवून सगळ्या बोलायला लागल्या. कुणी म्हणालं तो माणूस मेला असेल. कुणी म्हणालं त्यानं दुसरी केली असेल. ती जिभेची बाई म्हणाली, "ट्रंकंत काय हाय ते आधी बघा की, त्यावर सगळं हाय." तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. "ते मागनं. आधी ती जेवली का? रातीला निजंल कुठं?" मग स्टेशनाजवळ एक खानावळ निघाली, खानावळीची मालकीण विधवा निघाली, तिनं हिला भात वाढला, आणि त्यानंतरच तुम्ही बाकीच्यांना गोष्ट पुढं नेऊ दिलीत. नंतरही तुमचा हाच शिरस्ता राहिला. गोष्टीतल्या माणसाचं जेवण आणि निजायची जागा ठरल्याशिवाय तुम्ही कुणाला प्रेमात पडू दिलं नाही, भांडू दिलं नाही की मरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामाच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलंत, "आजपासनं ही वाचंल. हिची ओळ मी धरती."

जिभेची बाई म्हणाली, "आमच्या बी सुना बशिवतो मग सावलीला."

"बशीव की. वाचाय येतं का तिला?"

"न्हाय."

"मग गप कागद लाव."

बाई स्वतःच हसली आणि कामाला लागली. सगळा हंगाम तुम्ही दोन ओळी धरल्यात. माझी ओळ संपवून स्वतःच्या ओळीवर जायचात, आणि तुमच्या ओळीवरही कुणाला बोट ठेवायला जागा नसायची. मी बांधावर, कधी वेलीच्या सावलीत बसून वाचायची. तुम्ही एकदाही त्याबद्दल घरी बोलला नाहीत. ह्यांनाही फार पुढं कळलं, तेही दुसऱ्या कुणाकडून.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मला एक मोठा शब्द आला नाही, म्हणून मी तो सोडून पुढं गेले. तुम्ही हातातला घड न सोडता म्हणालात, "मधलं खाल्लंस." मी म्हटलं, येत नाही ते. "येत न्हाय तर येत न्हाय म्हन. पर खाऊ नगंस. आमाला दिसत न्हाय म्हून तू खाशील व्हय?" मला फार लागलं ते. त्यानंतर मी कुठलाच शब्द सोडला नाही. येत नसेल तिथं अडखळायची, सगळ्या वाट बघायच्या, आणि शब्द आला की कुणीतरी "सुटली बया!" म्हणायचं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि मी मधलं सोडलं हे तुम्ही नुसत्या कानानं ओळखलंत. अजून मला नवल वाटतं त्याचं.

आणि ते पुस्तक. रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालेलं, वरचं पुठ्ठ्याचं पान नसलेलं, जाडजूड. बागायतदार समोर उभा असताना तुम्ही ते उचललंत आणि म्हणालात, "तात्या, ह्याचा कागुद ल्हान हाय. घड गुंडाळाय जायचा न्हाय. मी घिऊन जाती." तो म्हणाला, "मुकादमीण, चुलीला घालू नका बरं, वाचायला ठेवा." तुम्हाला वाटलं होतं त्याला काही कळणार नाही. त्याला सगळं कळत होतं. घरी येईपर्यंत तुम्ही हसत होता. ते पुस्तक अजून माझ्याकडं आहे.

आता इथलं सांगते. हा उन्हाळ्याचा वर्ग आहे, पुस्तकं कशी काढायची ते शिकवायचा. कुणाचं लिखाण घ्यायचं, त्यातलं काय ठेवायचं, मुद्रितं कशी तपासायची, छापखान्यात काय बघायचं, सगळं. तुमच्या नातसुनेनं मोबाइलवरून माझं नाव दिलं. दुपारच्या वेळी आपल्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमतात, मी वाचून दाखवते, कधी बागेतल्या त्या गोष्टी सांगते. ती म्हणाली, "आई, याचं पुस्तक होईल. तुम्ही शिकून तर या." मी म्हटलं, या वयात? ती म्हणाली, "मग कोणत्या वयात?" मी पिशवी भरायला घेतली. वर्गात मी सगळ्यांत मोठी. मुलं-मुली मला काकू म्हणतात, डब्यातलं देतात, आणि संगणकावर काही अडलं की न सांगता येऊन बसतात. शिकवायला ज्या बाई आहेत त्यांचं सगळं आयुष्य पुस्तकं काढण्यात गेलं. फार चांगल्या आहेत. त्यांचा हात पानावरून फिरताना मला तुमचा हात घडावरून फिरताना दिसतो.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुमच्या मागं काही वर्षांनी हेही गेले. दुखणं लांबलं. शेवटी शेवटी त्यांना डोळे उघडायचाही कंटाळा यायचा, पण मी वाचत असले की ऐकायचे. मधे थांबले तर बोटानं माझ्या मनगटावर टिचकी मारायचे, म्हणजे पुढं वाच. त्या दिवशी मी थांबले आणि टिचकी आली नाही. नरसिंहपूरला संगमावर सगळं केलं. परत येताना मला एकच वाटत होतं, हे बघायला तुम्ही नव्हता ते बरं झालं. आता रोजचं रोज चाललंय. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय काही जात नाही. दुसरा कप मीच पिते.

वर्गात शेवटी प्रत्येकानं एक छोटं पुस्तक स्वतः तयार करायचं असतं, आणि त्यातलं एक खरोखर छापतात. मी बागेतल्या गोष्टी लिहून काढल्या. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्तमानपत्रातलं पहिलं अर्धं दुसऱ्याचं आहे, ते जसंच्या तसं घेता येणार नाही. बायकांनी जोडलेलं ते तुमचं. म्हणून पहिलं अर्धं मी दोन-चार ओळींत आपल्या शब्दांत सांगितलं आणि पुढचं सगळं बायकांचं ठेवलं. पण लिहून झाल्यावर मी एक चूक केली. आपण घडाची विरळणी करतो तशी केली. दाटी झाली की मणी काढायचे, राहिलेल्याला फुगायला जागा करायची, हेच हाताला माहीत. बायकांच्या थट्टा, एकमेकींना मारलेले टोमणे, मधेच पाणी मागणं, "मुकादमीण, उन्हं आली गं," सगळं कात्रीनं काढलं. नुसत्या गोष्टी ठेवल्या, सुट्या, सारख्या, स्वच्छ.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं, पानं परत पहिल्यापासून चाळली. मग म्हणाल्या, "गोष्टी आहेत. पण बाग कुठं गेली? या बायका कुठं गेल्या? आणि वाचून दाखवणारी मुलगी कुठं आहे?" मी म्हटलं, तिचं काय काम त्यात. त्या म्हणाल्या, "तिच्याशिवाय कुणाला कळणार, पुढचं फाटलंय ते?" मी काढलेलं सगळं परत घातलं. द्राक्षाला जे चालतं ते इथं चाललं नाही. तुम्ही असता तर हसला असता.

माझंच पुस्तक छापायचं ठरलं. आणि तिथंच मी अडले. आतल्या पहिल्या पानावर नाव कुणाचं घालायचं? मी म्हटलं, नाव नको. गोष्टी टोळीच्या आहेत. त्या उन्हात काम करत होत्या, मी सावलीत बसून वाचत होते, माझी ओळसुद्धा दुसरीनं धरली होती. नुसतं पुस्तकाचं नाव असू द्या. बाई म्हणाल्या, "बिननावाचं मी काढणार नाही. उद्या कुणाला यात काही खटकलं, तर तिनं कुणाला विचारायचं? पुस्तकामागं कुणीतरी उभं राहायला लागतं. उद्या सकाळी पान छापायला जाईल. तोवर ठरवा. नाहीतर दुसऱ्या कुणाचं पुस्तक घेऊ." त्या रागावल्या नव्हत्या. पण बोलल्या ते खरं होतं.

मी आज दुपारी गावाकडं फोन लावला. टोळीतल्या ज्या आहेत त्यांना विचारलं, तुमची नावं घालू का? त्या जिभेच्या बाईचे आता दात गेलेत, जीभ तशीच आहे. "माजं नाव? आगं, सून सासूला हिरीवर सोडून पळून जाती ती गोष्ट माजी हाय. माझ्या सुनंनं वाचली मंजी? घरात भांडान लावतीस का?" मी म्हटलं, मग कुणाचं घालू? म्हणाली, "तुजं घाल की. तवा सावलीला बसलीवतीस न्हवं? आता जरा उन्हात हुबी ऱ्हा." आणि फोन ठेवून दिला.

मग मी तुमचं नाव घालायचं मनात आणलं. सगळं तुमच्यामुळंच झालं. हे पत्र मी आता रात्री त्याचसाठी लिहायला बसले, तुमची परवानगी घ्यायला. लिहिता लिहिता मला वाटायला लागलं की हे बरोबर नाही. या गोष्टी मला जशा आठवल्या तशा आहेत. काही दोन-दोन एकमेकांत मिसळल्यात. एकीचा शेवट दुसरीला लागलाय, मला ठाऊक आहे. स्टेशनावरच्या बाईच्या ट्रंकेत काय होतं ते मला आठवलंच नाही, ते मी घातलंय. तुमचं नाव वर घातलं की या सगळ्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, आणि तुम्हाला तर पान वाचूनही बघता येणार नाही. माझ्या वाटचं काम तुम्ही एक हंगाम केलंत. मेल्यावरही करायला लावायचं का?

हे तुम्हाला कुठं पाठवणार, आणि पाठवलं तरी कुणाला तरी वाचून दाखवावं लागलं असतं. पिशवीत राहील. पण एक आहे, आत्या, ते लिहून टाकते. टोळीचं आहे, तुमचं आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते, ते खोटं नव्हतं. पण छापलेल्या अक्षरात आपलं नाव बघावं अशी मला हौसही होती. पहिल्या दिवसापासून होती. ती सांगायची लाज वाटत होती.

आत्या, पत्र पिशवीतून परत काढून हे खाली लिहिते. आज सकाळी मी वर्ग उघडायच्या आधीच जाऊन बसले. बाई आल्यावर त्यांच्याकडून ते पान मागून घेतलं आणि त्यावर माझं नाव लिहून दिलं.