टेस्टिंगपुरता फोटो

३१ ऑक्टोबर २०११, सोमवार. परतवाडा.

आली बाई एकदाची. हिवरखेडहून अकोट, अकोटहून अंजनगाव, तिथून काळीपिवळी. मांडीवर माझी बॅग, बॅगेवर कोणाची तरी कोंबड्यांची टोपली. पण मन असं खुश होतं, की कोंबडीनं टोचा मारला तरी राग आला नाही. डिप्लोमा झाला तेव्हापासून घरीच बसून होते. कोणी विचारलं, पोरगी काय करते, तं आई म्हणायची परीक्षा देऊन राहिली. आता म्हणेल, नोकरीवर आहे.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मालक गुलाम नबी चाचा आधी पेंटर होते. ट्रकपासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळं त्यांनी ब्रशनं रंगवलं. फ्लेक्स आला अन् ब्रश गेला, म्हणून आता एलईडीचे बोर्ड बनवतात. मेडिकलचा फिरता क्रॉस, रसवंतीचा ऊस, असं काहीबाही. त्यांची मुलगी गजाला माझ्याच वयाची, दिवसभर सोल्डरिंग करते अन् दिवसभर बोलते. प्रोग्राम लिहिणारं कोणी नव्हतं, ते आता मी. राहायला दुकानावरची खोली, खिडकीतून चिखलदऱ्याचे डोंगर. चहा बेकार आहे, बाकी मस्त.

पोचल्याचा फोन ललितला केला. माझा धाकटा भाऊ, पोलीस भरतीच्या मागे लागलेला, पहाटे पाचला रस्त्यावर धावतो. जयभीम घालायच्या आधीच विचारतो, की ताई, माझ्या नावाचा बोर्ड कधी करते? म्हटलं, आधी पाच किलोमीटरची दौड पास हो, मग पाहू.

२ नोव्हेंबर, बुधवार

काम सोपं आहे, पण पाहणाऱ्याले जादू वाटते. बोर्ड म्हणजे आडव्या बत्तीस ओळी, एकेका ओळीत बत्तीस लाल दिवे. चित्र आधी चौकटीच्या कागदावर काढायचं. जी चौकट काळी केली, तो दिवा लागणार. मग एकेका ओळीचा आकडा करून, प्रोग्रामर म्हणतात त्या डबीची वायर कॉम्प्युटरला लावून, मायक्रोकंट्रोलरच्या चिपमध्ये भरायचा. फोटो असला तं कॉम्प्युटरच ठिपके पाडून देतो.

खरी गंमत पुढेच आहे. बोर्डावर अख्खं चित्र कधीच नसतं. चिप एका वेळी एकच ओळ पेटवते, ती विझवून खालची, मग तिच्या खालची. हे इतक्या घाईनं होते की डोळा फसतो. गजालानं विचारलं, म्हणजे बाकीच्या ओळी अंधारातच असतात का? म्हटलं, हाव, जवळपास सगळा वेळ. ती म्हणे हे काही तिला बरं नाही वाटलं. मी हसली. दुपारी भारनियमनात लाइट गेली तेव्हा म्हटलं, घे, आता सगळ्याच ओळी अंधारात.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मोर्शीकडच्या एका गावचा बोर्ड दुरुस्तीला आला. गावच्या चौकातला श्रद्धांजलीचा. माणूस गेला की त्याचा फोटो त्यावर लावतात, दुसरा जाईपर्यंत तो तिथंच पेटलेला. चिपमध्ये जुने फोटो तसेच होते, सगळे पाहिले. बहुतेक चाळिशीच्या आतले गडी. कशानं गेले ते मी विचारलं नाही. आपल्याकडे आजकाल कोणी विचारत नाही.

एक वायर सुटली होती, तासाभरात जोडली. चाचा जुम्याच्या नमाजले गेलेले, गजाला जेवायला घरी. टेस्टिंगला चांगला फोटो पाहिजे होता. मोबाइलमध्ये ललितचा भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला सापडला, तोच टाकला. काय सुरेख आला. डोक्यावरचे उभे केससुद्धा दिसत होते.

चाचा परत आले अन् दारातच थांबले. कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, भाऊ. ते रागावले नाहीत, खुर्ची ओढून बसले अन् म्हणाले, "बेटा, मयतीच्या पाटीवर जित्याचं तोंड काढत नसतात. आम्ही पेंटर लोक असल्या पाटीवर हात आजमावायचा तं दिवा काढतो, फूल काढतो. लवकर पूस."

पुसला. पणती टाकली. मनात म्हटलं, काय एकेक नखरे या पेंटर लोकांचे. आमच्या घरी ना नवस, ना गंडादोरा. आम्ही नाही असलं काही मानत.

५ नोव्हेंबर, शनिवार

अकराला दुकान उघडलं, बोर्ड लावला, तं ललित. माझंच पुसायचं राहिलं असेल म्हणून परत पुसलं, परत पणती. कॉम्प्युटर सांगते, चिपमध्ये पणतीच आहे. चहा पिऊन येते तं पणतीच्या जागी ललित. सगळ्यात वरची ओळ बंद.

चिप बदलली. नवी, कोरी. तरी तोच. चाचांना सांगितलं नाही, उगाच डोकं खातील.

७ नोव्हेंबर, सोमवार

बकरी ईद. चाचांकडे जेवली. गजालाच्या आईनं, अकीला चाचीनं, मटणावर मटण वाढलं, पण घास गोड लागला नाही. संध्याकाळी आईचा फोन होता. ललित दोन-तीन दिवस झाले पहाटे उठतच नाही. हलवा, पाणी मारा, मुडद्यासारखा पडून. अकरा वाजले की आपोआप उठते अन् म्हणते, डोकं लय दुखून राहिलं. आज तं दिवसभर उठलाच नव्हता, आई रडकुंडीला आली.

जेवण टाकून दुकानात आली. चाचांनी सुट्टी म्हणून मेन स्विच बंद ठेवलेला. मी दिवा लावायला म्हणून स्विच वर केला. बोर्डही लागला. वरच्या चार ओळी गेलेल्या, केस नाहीत. दोन मिनिटांत आईचा फोन, उठला म्हणे, चहा मागून राहिला.

योगायोग असेल. योगायोगच आहे.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आणखी ओळी गेल्या. कपाळ नाही आता. मीटर लावून एकेक दिवा तपासला, सगळे चांगले आहेत. हातानं करंट दिला की लागतात, बोर्डावर लागत नाहीत. सोल्डरिंग करताना दोनदा चटका बसला.

संध्याकाळी ललितशी बोलली. आवाज हसरा ठेवला होता त्यानं. म्हणे, "ताई, डोळ्यांपुढं धुकं येते. भरतीच्या डॉक्टरनं पकडलं तं गेलो ना मी कामातून. आईले नको सांगू."

मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. भुवया गेल्या होत्या.

९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी एकला लाइट गेली. लगेच फोन. ललित अंगणात चालता चालता पडला, श्वास चालत नाही, आई ओरडून राहिली, शेजारचे जमले. मी फोन कानाला धरूनच पळाली, गल्लीच्या टोकाचं ट्रॅक्टरवाल्याचं गॅरेज, त्याच्याकडून बॅटरी उचलून आणली. गजालानं वायर जोडली. बोर्ड लागला. फोनवर आईचं रडणं थांबलं. उठून बसला म्हणे.

आता गजालाले सगळं माहीत. चाचांनाही. चाचा हातोडा घेऊन आले, की फोडूनच टाकतो याले. मी त्यांचा हात धरला. फोडला अन् तो तिथं परत उठलाच नाही तं?

योगायोग नाही. मी केलं हे. माझ्या हातानं.

१० नोव्हेंबर

खोलीवर जात नाही. बोर्डासमोरच बसून. सगळं करून पाहिलं. पणती राहत नाही. जुन्या चिपमधल्या एका मेलेल्या माणसाचा फोटो टाकला, घटकाभर राहिला, मग ललित. मेलेले तं या बोर्डाकडे आधीच आहेत. गजाला म्हणे बकऱ्याचा फोटो टाकून पाहू. टाकला. गेला. याले जित्या माणसाचं तोंड पाहिजे. दुसरं काही पाहिजे नाही.

डोळ्यांच्या ओळी गेल्या. आई सांगते, ताट समोर ठेवलं तरी चाचपते. आज रडला म्हणे. लहानपणी पडला तरी न रडणारा पोरगा.

पंचवीस गावं फिरून मोफत बोर्ड लावून देईन, पण हे मागे घेता आलं पाहिजे. कोणाले म्हणून राहिली मी? मानत तं कोणालेच नाही.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

चाचा नमाजले गेले, गजालाले सोल्डरची तार आणायला पाठवलं. माझा फोटो काढला अन् टाकला.

बोर्ड अख्खा लागला. बत्तीसच्या बत्तीस ओळी. मी वाट पाहिली. गेला नाही. राहिला.

आईचा फोन आला. ललितले दिसते. भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं त्यानं. पोटभर रडली मी, मग भूक लागली. गजाला आली, बोर्ड पाहिला अन् मले एक थापड मारली. मग गळ्यात पडली.

ललितले काही सांगायचं नाही, अशी शपथ घातली तिले. विचार करायला मले वेळ पाहिजे फक्त. बॅटरी आहे. मी काढीन काहीतरी.

१२ नोव्हेंबर

डोकं. कवटीच्या आत कोणी खिळे ठोकून राहिलं असं. ओळी लवकर जाऊन राहिल्या, त्याच्याहून लवकर. सकाळी केस, दुपारी कपाळ.

ललितचा फोन सहा वेळा. उचलला नाही. माझा आवाज त्याले लगेच कळते.

१३ नोव्हेंबर

पानावर पट्टी ठेवून लिहून राहिली. पट्टीच्या वर अक्षर, मग पट्टी खाली. दिसत नाही. नाही दिसत. उजेड आहे एवढं कळते, काय आहे ते नाही.

चाचा कुराण वाचत बसलेत जवळ. म्हणाले, माझा टाक बेटा, मी म्हातारा. म्हटलं, चूक माझी. म्हणजे म्हणायला गेली. जीभ जड —

गजाला सांगते नाक गेलं. कान फोटोत आलेच नव्हते, केसांखाली होते. म्हणून ऐकू येते. लांब केस ठेवले ते बरं झालं.

१४ नोव्हेंबर

ओठ बंद. उघडतच नाहीत. गजालानं हात लावून पाहिला, ती ओरडली.

ती आता फोनवर कोणाशी तरी बोलून राहिली. रडून. नको सांगू त्याले. शपथ घातली होती ना. हे कागदावर लिहून तिच्याकडे केलं, तिनं पाहिलं की नाही कळत नाही

१५

गाडीचा आवाज. ललितची चप्पल, तोच घासत चालतो. ताई म्हणाला. डोक्यावरून हात फिरवला माझ्या. मग चाचांना विचारून राहिला, फोटो कसा टाकतात. चाचा सांगत नाहीत. गजाला सांगत नाही.

पण त्याचा फोटो कॉम्प्युटरमध्ये आहे. मी पुसला नाही. त्याच्याच नावानं आहे. एक बटण

ललित हे वाच. समोर धरलं आहे वाच. नको करू. मी मोठी आहे, मी केलं, माझं मले निस्तरू दे. तुले धावायचं आहे. नको रे

खुर्ची ओढली त्यानं

"ताई, तू माझ्यासाठी केलं तेव्हा मले विचारलं होतं काय?"

ललित नको

माऊसचा आवाज —

उजेड

पान पांढरं आहे. अक्षरं दिसून राहिली, माझीच, केवढी वाकडी. गजाला दिसते. ललित दिसते, खुर्चीत, हसून राहिला. हातात कात्री. प्रोग्रामरची वायर कापून टाकली त्यानं, दोन तुकडे. आता मले परत टाकता येऊ नये म्हणून. येड्या. येड्या रे

तोंड अजून उघडत नाही, म्हणून लिहून राहिली. वाच. वायर मी जोडते, दोन मिनिटं लागतात, गजाला डाग देईल, खुर्चीतून ऊठ फक्त, मले जाऊ दे तिथं. माझा हात सोड

तुझ्या ओळी जाऊन राहिल्या. एकेक नाही, सरसर. केस. कपाळ. ललित बोर्डाकडे नको पाहू, इकडे पाहा, वहीकडे. वाच ना रे, तुले अजून दिसते तोवर वा—