तो शब्द माझा नव्हता

क्रिस्तियानसुंद,
रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय हॉकोनदादा,

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. ऑस्लोत तुम्ही सगळेही बरे असाल. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. काठी टेकत दुकानापर्यंत जाते आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंशी रोज भांडते. काल तिनं खारवलेल्या कॉडचं कालवण केलं होतं. माझ्या ताटात बटाटे वाढता वाढता म्हणाली, "हॉकोन विचारत होता, इंगाचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

आहे. अगदी जागेवर आहे.

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, कारण तिथे तू दोन ओळींत मला वेडी ठरवतोस आणि मी तीन ओळींत चिडते. म्हणून हे पत्र. निवांत वाच.

तीन फेरीबोट कंपन्या एकत्र होऊन आमची कंपनी झाली, तेव्हापासूनचा गोंधळ तुला माहीत आहे. तिकिटांचं सॉफ्टवेअर वेगळं, खलाशांच्या पाळ्यांचं वेगळं, इंजिनदुरुस्तीचं आणखी तिसरंच. कुठलं कशावर अवलंबून आहे हे एकालाही धड सांगता येत नाही. काय ठेवायचं, काय बंद करायचं, पुढे काय घ्यायचं, हे सगळं एकाच जागी दिसावं म्हणून एक सामाईक प्लॅटफॉर्म निवडायचा ठरला. तो विकणाऱ्या तीन कंपन्या आल्या. तुमची सगळ्यांत झगमगीत.

निवड मंडळाच्या पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, "हॉकोन माझा सख्खा भाऊ आहे. मी मत देणार नाही. हवं तर चाचणीही दुसऱ्या कुणाला द्या." आमचे डायरेक्टर स्टाइनार हसून म्हणाले, "या गावात कोण कुणाचं नाही? चाचणी तूच घे." केवढा विश्वास, असं वाटून मी खूश झाले होते.

तिघांना मी आमचीच माहिती दिली आणि एकच प्रश्न विचारला: पाळ्यांचं जुनं सॉफ्टवेअर बंद केलं तर आणखी काय बंद पडेल? तुमच्या पडद्यावर हिरवंगार उत्तर आलं: काहीही नाही. त्रॉनहाइमच्या त्या छोट्या कंपनीचा पडदा मळकट, अक्षरं बारीक. पण त्यावर एक लाल रेघ उमटली. बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटींवर किती माणसं चढली, तो आकडा त्याच जुन्या सॉफ्टवेअरमधून बचाव केंद्राला जातो. ते बंद, तर आकडा बंद.

ही जोडणी तुम्हाला दिलेल्या माहितीतही होती, दादा. तुमच्या प्लॅटफॉर्मला ती वाचता आली नाही, म्हणून त्यानं ती गाळली. 'मला कळलं नाही' एवढंसुद्धा म्हणाला नाही.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "बोट अडकली तर आत किती जण आहेत हे किनाऱ्यावर कसं कळणार?" तू म्हणालास, "ते पुढच्या आवृत्तीत येईल." तेव्हा मंडळावरच्या कॅप्टन मारित म्हणाल्या, "म्हणजे तोवर आम्ही बुडायचं नाही, असंच ना?"

तुला वाटतं मी तुझी फजिती करायला प्रश्न विचारला. तसं नाही. मला वाटलं होतं, तुझ्याकडे उत्तर असेल.

इथवर तुला माहीत आहे. आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

बैठकीनंतर स्टाइनारनी मला जिन्यात गाठलं. "अहवालात हे फार ताणू नकोस. तुझ्या भावानं शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"इंगा आत आहे, ती सांभाळून घेईल, असा. उगाच का तुला चाचणीवर ठेवलं?"

दादा, तू मला विचारलंही नाहीस! विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आपण कचाकचा भांडलो असतो, आणि संपलं असतं.

अहवालात मी लाल रेघ जशीच्या तशी मांडली. आणि मंडळासमोर उभी राहून जिन्यातलं बोलणंही सांगितलं, तुझ्या नावासकट. स्टाइनार म्हणाले, "हा घरगुती रुसवा आहे." मारित म्हणाल्या, "असेल. पण बोट माझी आहे." शुक्रवारी मंडळानं त्रॉनहाइमचा प्लॅटफॉर्म निवडला. तुमच्या कंपनीकडून लेखी खुलासा मागवणार आहेत. ते पत्र तुझ्या टेबलावर यायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून आज लिहायला बसले.

मला हार घातले असं समजू नकोस. स्टाइनार अजून त्याच खुर्चीत आहेत, आणि मला उद्यापासून नियोजनातून काढून तिकीट विभागात बसवलंय. मी कामगार संघटनेकडे गेले आहे. लढणार आहे. हरले तर तिकिटं देईन, पण नियोजनात जे दिसलं ते दिसलं नाही असं म्हणणार नाही.

आई म्हणते, "एकदा माफी मागून मोकळी हो ना, सख्खा भाऊ आहे." मी तिला सांगितलं, "सख्खा आहे म्हणूनच मागणार नाही." तिनं काठी आपटली.

नाताळला ये. येऊन ओरड, हवं तर जेवू नकोस, पण ये. मी घरीच असेन, आणि माझं म्हणणं हेच असेल.

तुझी बहीण,
तुमच्या कंपनीचं आतलं माणूस नव्हे,
इंगा