ब्याऐंशीच्या आत

५ जानेवारी, सोमवार
सुरतहून परतीच्या गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय, घरी जाऊन नीट काढीन.
ताईचं आणि माझं रक्त जुळलं. पुढच्या दोन तपासण्याही जुळल्या. माझी एक किडनी तिला चालेल, असं डॉक्टर म्हणाले. मी हात जोडले, तर म्हणाले, "थांबा. वजन किती?" काट्यावर ९४.२. उंची पाच फूट पाच. "ब्याऐंशीच्या आत या, मग पुढचं बोलू. तुमच्या जिवाची जबाबदारीही माझीच आहे. उपास नको, सावकाश उतरवा. नऊ मार्चला या."
मायला साखर आहे, ती देऊ शकत नाही. जिजाजींचं रक्त जुळत नाही. म्हणजे मीच.
ताई खिडकीशी बसली होती. नवापूर गेल्यावर बोलली. "बारा किलो म्हंजे दोन वरीसनं पोर. कडेवरनं उतारी दे, बस."
मला हसू आलं. डब्यातली माणसं बघायला लागली.

६ जानेवारी, मंगळ
वहीत रकाने आखले. उठाबशा (उ.), भिंतीवरचे जोर (भिं.), दोरीवरच्या उड्या (दो.), भाकरी. वेळ पहाटे साडेपाच. मी कामाला असतो त्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानात, मिरचीची तिखट धूळ उडते, तिथे साधा दीर्घ श्वास घेतला तरी ठसका लागतो. म्हणून सगळं घरीच, ओट्यावर.
दोरी विकत घेतली नाही, पोत्यांच्या सुतळीची वळली.
उ. १२. भिं. ६. दो. ९, मग पायात अडकली.
माय चुलीपासून ओरडली, "तू उडस नि मन्ही मांडणीवरना भांडा नाचतस!"

७ जाने.
जिना उतरताना मांड्या थरथरतात. उ. ८ च. काल १२ होत्या. काल जास्त करायला नको होत्या का? डॉक्टरांनी सावकाश सांगितलं होतं. उद्यापासून १० आणि दर चार दिवसांनी २ वाढ. तसं समासात लिहिलं.
आज ताईचा डायलिसिसचा दिवस नव्हता तरी फोन केला. उचलला. बरं वाटलं.

१२ जाने., सोम.
पहिलं वजन.
घरी काटा नाही, पथारीवरचाच. शेवटचं पोतं उतरलं की सलीमभाईंनी मला चढवायचं, असं ठरलं. ते मापाडी, मी लिहिणारा. आमच्या कामाची रीत अशी की आकडे मापाड्याच्या बाजूला. तो हाक देतो, लिहिणारा लिहितो. मान वर करायची नाही, केली की ओळ चुकते. नववी सोडून इथे लागलो तेव्हापासून सहा वर्षं तसंच. काट्यावर चढलो तरी आकडे माझ्या पाठीमागे.
सलीमभाईंनी हाक दिली, "मुनीमजी, तिरानवे!"
९३. लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.

१४ जाने. संक्रांत
माय तिळाचा लाडू घेऊन मागे मागे. "एकथीन काय व्हस?" मी अर्धा खाल्ला. अर्ध्याच्या १० उ. जादा केल्या.
मग तिने मनातलं काढलं. "एक किडनीवाला नवरदेवले कोन पोर देई रे?"
ताई फोनवर होती, तिने ऐकलं. म्हणाली, "जो बाप देई तो चांगला व्हई, माय. आपलं निवडानं काम वाचनं."

२३ जाने., शुक्र.
ताईला सासरहून, प्रकाशा गावाहून, डायलिसिसला इथे एसटीने यावं लागतं. मंगळ. आणि शुक्र. चार तास यंत्राला हात बांधून बसते. आज सुट्टी काढून सोबत बसलो. दिवसाचं पाणी मोजून पिते, अर्ध्या लिटरच्या बाटलीला पेनने खुणा केल्या आहेत. माझ्या वहीसारखंच. मी दाखवलं तर म्हणाली, "तू कमी खावाना हिशोब ठेव, मी कमी पेवाना."
मी चौथीत असताना मला पाढे येत नव्हते. ही रोज धुणं धुताना बसवून म्हणून घ्यायची, चुकलो की ओला कपडा पाठीवर. एकोणतीसचा पाढा आजही येतो. तिने सोडलं नाही म्हणून.

२ फेब्रु., सोम.
"साढ़े नवासी!" ८९.५.
उ. २४. भिं. १५. दो. ६० न अडकता. भाकरी सकाळी १, रात्री १, दादर ज्वारीची. शेंगदाणे बंद. शेवभाजी बंद (ही अवघड).
सलीमभाई म्हणाले, "मुनीमजी, पायजमा संभालो, उतर जाएगा." हमालही हसले. मीही. खरंच सैल झालाय, नाडी दोन बोटं आत आली.
किती माणसं आहेत माझ्यासोबत. मिरची निवडणाऱ्या बायासुद्धा विचारतात, "आज कितलं?" मी आकडा सांगतो, त्या मान हलवतात, जणू त्यांचंच उतरलं.

१६ फेब्रु.
८६.५. विश्वास बसत नाही. सलीमभाईंना पुन्हा विचारलं. "लिख ना भाई, साढ़े छियासी."
ताईचे पाय सुजलेत. ती सांगत नाही, जिजाजींनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं की या चालीने मार्चमध्ये ८२ होतं. जिजाजींनी माझा दंड धरला.

२ मार्च, सोम.
"तिरासी!"
८३. उद्या होळी. पुरणपोळी नाही. मला वाईट वाटत नाही, हे लिहून ठेवतो. पुढच्या सोमवारी सुरत. एक किलो राहिला आणि सात दिवस आहेत. रोज दो. १०० करणार.

९ मार्च
८७.६.
काटा बिघडला असेल म्हणालो. त्यांनी दुसऱ्या खोलीतल्या काट्यावर उभं केलं. ८७.६.
डॉक्टर रागावले नाहीत. "साडेसहा किलो उतरवलेत, थोडं नाही हे. पण माझा आकडा तोच. सत्तावीस एप्रिलला या."
ताई म्हणाली, "व्हई, व्हई." परतीत डोळे मिटून होती. झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या.
८३ कुठून आलं?

१० मार्च, मंगळ
सलीमभाई पोती लावत होते. मी विचारलं. त्यांनी हातातलं पोतं ठेवलं. गमछ्याने मान पुसली.
"काटे पे चढ़ता था ना तू, तो पूरा बदन कड़क हो जाता था. सजा सुनने आया है जैसे. तेरी पीठ देख के मेरे मुँह से कम ही निकलता था. पहले आधा किलो. फिर पीछे कैसे जाता?"
मी विचारलं, "आणि पोत्यांचं?" सहा वर्षं मी मान खाली घालून यांच्या हाकेवर लिहिलंय.
"पोते का कभी नहीं. खुदा कसम. वो किसान का माल है, मेरे बाप का नहीं." मग म्हणाले, "तू अपना लगा, इसलिए हुआ."
मी निघून आलो. रजेचा अर्ज दिला, दोन दिवसांचा.

११ मार्च
व्यायाम नाही. पहिला खाडा.
वही मागे उलटली. ९३ सोडून एकेका आकड्यावर काट मारली. मग ९३ वरही.
माय ओट्यावर येऊन बसली. लाडू नाही, काही नाही. म्हणाली, "दोन्ही मन्हाच शेतस. एकले कापीसन एकले जोडानं, अशी येळ कोनवर येऊ नही. माले वाटे, तुन्हं वजन उतरू नही. मंग वाटे, उतरू दे. रातदिन हाई चालू शे." इतके दिवस ती भांडी नाचतात म्हणून ओरडत होती, तेव्हा आत हे चालू होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वर्षांनी.

१३ मार्च, शुक्र.
ताई आज एसटीतच चक्कर येऊन पडली. कंडक्टरने आणि एका भाजीवालीने धरून दवाखान्यात पोचवलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. तिचे उपकार आहेत.
ताईला सगळं सांगितलं. वाटलं, ती सलीमभाईंना शिव्या देईल. तिने विचारलं, "तू दोरी सोडनी व्हती का, सलीमभाई खरं सांगता तं?"
मी विचार केला. जानेवारीच्या शेवटी, जेव्हा मांड्या फार दुखायच्या, तेव्हा खरा आकडा कळला असता तर कदाचित सोडली असती. मला माझा स्वभाव माहीत आहे.
"मंग?" ती म्हणाली. पण लगेच पुढे म्हणाली, "तरी खोटं ते खोटंच. सात आठवडा मन्हा गया." दोन्ही गोष्टी तिने एका श्वासात म्हटल्या. दोन्ही खऱ्या आहेत.
पुन्हा सुरू. उ. ३०. भिं. २०. दो. ८०.

१६ मार्च, सोम.
कामावर गेलो तर काट्याचा आकड्यांचा डबा सलीमभाईंनी फिरवून माझ्याकडे केलेला. शेवटचं पोतं उतरल्यावर मी स्वतः चढलो, मान वळवून पाहिलं. ८७.१. सलीमभाई तोंडावर गमछा बांधून लांब उभे होते. हमालाने विचारलं, "चाचा, मिरची लगी क्या?" "नहीं. जबान बंद रखी है."
मी हसलो. रागाचं काय करायचं ते कळत नाही, थोडा आहे अजून. पण डबा इतका जड, खिळ्यांनी ठोकलेला. तो काढून फिरवायला माणूस सकाळी किती लवकर आला असेल.

३० मार्च, सोम.
८५.४. मीच वाचलं. दोनदा.
आठवड्याला किलोच्या आत उतरतंय. आधी जेवढं आवडायचं तेवढं भराभर नाही, पण जे आहे ते आहे.

१३ एप्रिल
८३.७. ऊन भयंकर. साडेपाचऐवजी पाचला उठतो. शेजारचे काका रोज पाचला खाट उचलून बाजूला घेतात, मला जागा व्हावी म्हणून. कधी बोलले नाहीत, मीही आज पहिल्यांदा लक्षात घेतलं.

१९ एप्रिल, रवि. आखाजी (अक्षय्य तृतीया)
ताई माहेरी आली. लेकी आखाजीला माहेरी येतात, पण यंदा येईल असं वाटलं नव्हतं. मायने दारातल्या निंबाला झोका बांधला. पुरणपोळी, आमरस, सगळं रांधलं. आमरस ताईला चालत नाही, पुरणपोळी मला चालत नाही. आम्ही दोघं ताटासमोर बसलो आणि एकमेकांकडे पाहत राहिलो. माय म्हणाली, "मंग कोनासाठे रांधं मी?" शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि आम्हाला प्रत्येक घासाची चव सांगितली.
संध्याकाळी ताई झोक्यावर बसून माझ्या उ. मोजत होती. बारा, तेरा, चौदा, सतरा.
मी थांबलो. "ताई, पंधरा."
"तुले मोजता येस तं माले कसाले बसाडं?"
"तुझ्यासमोर करायच्या होत्या म्हणून."
तिने झोका थांबवला, पाय जमिनीला टेकवले. मग पंधरापासून मोजलं, एकही न गाळता. चाळीसला माझ्या डोळ्यांत घाम गेला.

२० एप्रिल, सोम.
८२.९.
मायने आज भाकरीचं पीठ स्वतः तोलून घेतलं. किराणावाल्याच्या काट्यावर, भाकरी जड होऊ नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिल, रवि.
उद्या सुरत. आज मुद्दाम वजन केलं नाही. सलीमभाई घरी आले होते. पाच मिनिटं बसले, बिनसाखरेचा चहा प्यायले आणि तोंड वाकडं केलं. जाताना म्हणाले, "जो निकले, फोन करना. मैं कुछ नहीं बोलूँगा, बस सुनूँगा."
मी त्यांच्या पाया पडलो. ते घाईने मागे सरकले.

२७ एप्रिल, सोम.
सुरत. दवाखान्याच्या बाकावर.
चपला काढल्या. पट्टा, किल्ली, पाकीट ताईच्या हातात दिलं. चढलो. मान खाली घालून आकडे पाहिले.
८२.३.
नर्स पेन घेऊन उभी. कागदावर मागचे आकडे तिने पाहिले, मग ताईच्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "ब्यासी लखी दउं?" ब्याऐंशी लिहून टाकू का.
तीनशे ग्रॅम. एवढं तर एका तांब्यातलं पाणी. माझ्या मागे ताईचा श्वास ऐकू येत होता.
मी म्हणालो, "ना बेन. जेटलुं छे एटलुं ज लखो." जेवढं आहे तेवढंच लिहा.
तिने ८२.३ लिहिलं आणि कागद आत नेला.
मला ताईकडे बघायचं धाडस होईना. तिनेच माझा पट्टा पुढे केला. "बांध," म्हणाली, "पँट पडी जाई." तिचा आवाज ओला होता, पण रागाचा नव्हता. मी पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं, ते सापडेना, तिने शोधून दिलं.
आमच्या आधी आत दोन जण आहेत. दार मधे उघडतं तेव्हा डॉक्टरांच्या टेबलाचा कोपरा दिसतो आणि त्यावर कागदांची चवड. आमचा सर्वांत वर आहे की खाली, ते इथून दिसत नाही. ताईने बाटलीतलं खुणेपर्यंतचं पाणी प्यायलं. खुणेखालचं मला देत होती. मी नको म्हटलं. मग अर्धं अर्धं प्यायलो.

आता आमच्या आधी एकच जण.