शेळगावची गाय

तात्या, तुमची लेक जनावरांची डॉक्टर झाली ते बघायला तुम्ही नव्हतात. औषधाविना जनावर मरताना मालकाच्या तोंडाकडं कसं बघायचं, हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या इंदापूर तालुक्यात गाईंना लंपी आलाय. अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, ताप उतरत नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत गावोगाव फिरते आहे. पण आजार अंगात शिरल्यावर लसीचा उपयोग नसतो. शेळगावात एका बाईची गाय अशीच उशिरा सापडली. दहा दिवसांची व्यालेली, गळ्याखालची पोळी सुजून लोंबलेली. वासरू तिच्यापासून तोडून लांब बांधायला मीच सांगितलं. ते हंबरायचं आणि गाय मान वळवायची. ताप-दुखण्याचं सगळं देऊन झालं होतं. तरी बाई म्हणाली, "ताई, अजून कायतरी टोचा की." मी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन भरलं आणि म्हणाले, "हे भारी औषध हाय."

बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात, तेव्हाची एक दुपार आठवते. मी पाचवीत. पिंपळीचा एक म्हातारा आजारी शेळी खांद्यावर घेऊन येतो. डॉक्टर फिरतीवर गेलेले. तुम्ही शेळी बघता आणि सांगता, "आबा, ह्याला औषध न्हाय. पन मी बसतो तुमच्यासंगं." ओल्या फडक्यानं तिचं नाक पुसत तुम्ही ती जाईपर्यंत बसलात. घरी येताना मी चिडून विचारलं होतं, एखादी सुई तरी का नाही टोचली? तुम्ही सायकल थांबवलीत. "त्यो माझ्या शब्दावर इसवास ठेवून आला हुता," एवढं बोललात आणि पुन्हा पायडल मारलंत.

गाय चौथ्या दिवशी गेली. जेसीबीनं खोल खड्डा घेतला, वर चुना टाकला. बाई रडली नाही. हात जोडून म्हणाली, "तुमी भारी औषध दिलं, ताई. तिचंच नशीब न्हवतं." तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी बॅग उचलली आणि गाडीत बसले.

हे पत्र मी त्या गाईच्या केसच्या फाईलमध्ये ठेवून देणार आहे. आज सकाळी त्या बाईचा फोन आला होता. वासराच्या अंगावरही गाठी उठल्या असणार. मी तो वाजू दिला.