नदी की कालवा, हे ठरेना

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच केला असं समज.) तुझा दमा आटोक्यात असेल, वरच्या मजल्यावरची बाई अजून खिळे ठोकत असेल आणि तू तिच्याशी बोलत नसशील, असं धरून चालतो. आमचं विचारशील तर दोघंही उभे आहोत. लॉन्ड्रीवाल्याने आपल्या तब्येतीबद्दल याहून जास्त काय सांगावं?

तर ताई, आम्ही सुट्टीवर निघालोय. हसू नकोस. डॉक्टरांनी माझी कंबर आणि हिचं मनगट एकाच दिवशी तपासलं आणि आठ दिवस दुकानाचं तोंड बघायचं नाही असा दम भरला. सव्वीस वर्षांत ही पहिल्यांदाच दुकान बंद ठेवायला कबूल झाली आहे, पण तिची अट आहे: शनिवारपर्यंत कुठे जायचं ते ठरवा, नाहीतर सोमवारी मी शटर उघडणार. आज मंगळवार, आणि घोडं अजून तिथेच अडलंय. नदीवर तीन मजली क्रूझ आहे, त्यात आपण नुसतं बसायचं, गावं आपोआप समोरून सरकतात. कालव्यात लांबट, अरुंद होडी, म्हणजे बार्ज, मिळते, ती आपली आपण हाकायची, चालण्याच्या वेगाने. मी दमलेला माणूस. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं आहे काय?

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा क्रूझ बघायला गेलो. मॅनेजरने खोली दाखवली. मी खिडकीतून नदी बघितली. हिने चादरीची किनार दोन बोटांत चोळून बघितली आणि ‘नीळ जास्त झालीय’ म्हणाली. मॅनेजरला ते कौतुक वाटलं. मग हिने अभ्र्यावरचा गंजाचा डाग दाखवला, तेव्हा बिचाऱ्याने आमचं मन राखायला विचारलं, हा जाईल का हो? ताई, हा प्रश्न लॉन्ड्रीवाल्याला विचारायचा नसतो. पुढचे दोन तास आम्ही क्रूझच्या पोटात, त्यांच्या धुलाईखान्यात होतो. (तिथे खिडकी नसते.) खोटं कशाला बोलू, मीही बाह्या सरसावून त्यांच्या इस्त्रीच्या यंत्राची गळकी वाफेची नळी आवळून दिली. निघताना मॅनेजर ‘नक्की या हं’ म्हणाला, आणि ते ज्या आशेने म्हणाला ते मला मुळीच आवडलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी बार्ज बघितली. मालक निवृत्त पोस्टमन, मोजकं बोलणारा. त्याने सुकाणू माझ्या हातात दिलं. ते डावीकडे दाबलं की होडी उजवीकडे जाते! आमची इस्त्री जन्मात जिकडे ढकलली तिकडेच गेलेली, त्यामुळे मला ही पद्धत पटली नाही आणि आम्ही काठावरच्या झुडपात शिरलो. पोस्टमनने टोपीवरची पानं झटकली. पुढे कालवा पायरीपायरीने खाली उतरतो. पायरीला पुढे-मागे लाकडी दरवाजे असतात. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, पाणी उतरेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचा उघडायचा. दरवाजा ढकलायला ही काठावर उतरली (मनगट दुखतं म्हणून पाठीने ढकलते), मी खाली होडीत. पाणी उतरायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात करण्यासारखं काही म्हणजे काही नसतं. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘पाणी उतरतंय.’ ती म्हणाली, ‘हो.’ थोड्या वेळाने मी पुन्हा तेच म्हटलं. पुढची पायरी येईपर्यंत तिने आतले पडदे काढून बादलीत भिजवले होते, आणि तुला म्हणून सांगतो, मला हायसं वाटलं.

तू चाळीस वर्षं शाळेत निकाल लावलेस, आता हा एक लाव. तू म्हणशील तिकडे जाऊ. माझ्यात भांडायचं त्राण नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं तर पत्र त्यासाठी नाही. तू आमच्याबरोबर ये. नदी म्हण, कालवा म्हण, पण ये. सव्वीस वर्षं आम्हा दोघांच्या मध्ये एक काउंटर आणि कपड्यांचे गठ्ठे आहेत. आमचं बोलणं म्हणजे ‘निळा शर्ट कुणाचा’ आणि ‘स्टार्च कमी’. आठ दिवस समोरासमोर बसलो आणि बोलायला काही निघालंच नाही, तर? मला भीती वाटते, ताई. तू असलीस की कुणीतरी बोलत राहील. (तू राहतेसच.) हिला यातलं काही कळवू नकोस.

ता. क. ताई, नमस्कार. ह्यांचं अक्षर पोस्टात कुणाला लागत नाही म्हणून पाकिटावर पत्ता मी घालते, तेव्हा पत्र वाचलं. राग मानू नका, पण तुम्ही येऊ नका. बार्ज ठरल्याचं मी आज सकाळीच पोस्टमनना कळवून आले. वाटेत दिवसाला पाणी उतरायच्या अकरा पायऱ्या लागतात, असं ते म्हणाले. एकेका पायरीला एक, अशी मी बोलायच्या गोष्टींची यादी करायला घेतली आहे. सकाळपासून सहा झाल्या. हे लहानपणी कसे होते, काय बोलायचे, ते तुम्हाला ठाऊक. तेवढं सविस्तर लिहून पाठवा. सोमवारच्या आत मिळालं तर बरं होईल.